पाहिलं, ऐकलं, वाटलं

पगारे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते बुटक्या फरशीपुलावरून नदी ओलांडत होते आणि त्यांनी दुसरीतल्या एका मुलीचा हात घट्ट धरला होता. ऑगस्टचे दिवस होते, फरशीवरून घोट्याएवढं पाणी वाहत होतं. लांबून मला वाटलं, किती जपतात मुलांना! जवळ आल्यावर कळलं की मुलगीच त्यांना घेऊन येत होती. "सर, पाण्याकडं नका बघू, माझ्याकडं बघा," असं ती त्यांना सांगत होती, आणि पन्नाशी ओलांडलेले, डोक्यावर विरळ केस असलेले ते उंच गृहस्थ तिच्याकडे बघत, एकेक पाऊल चाचपत पुढे येत होते. अलीकडे आल्यावर त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि मला म्हणाले, "तुम्ही नव्या मॅडम ना? मी पगारे. पाण्याला फार भितो. ही यमुना. नाव नदीचं म्हणून की काय, हिला भीती नाही."

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकाने स्वतःची ओळख 'मी भितो' अशी करून द्यावी, याचं मला आश्चर्य वाटलं. मी तेव्हा तेवीस वर्षांची, सातपूरच्या कामगार वस्तीत वाढलेली, शिक्षणसेवक म्हणून नुकतीच लागलेली. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची दोन शिक्षकी शाळा मला मिळाली होती. पाड्याचं नाव मी सांगणार नाही. पुढे जे घडलं ते ऐकून कोणी त्या माणसांना वाईट ठरवावं असं मला वाटत नाही. ती वाईट नव्हती, आणि माझी भीती नेमकी त्यातच आहे.

सर पाण्याला भीत, विजेला भीत, कुत्र्याला भीत. चपला घालण्याआधी त्या दोनदा झटकत. केंद्रप्रमुख येणार असा निरोप आला की ते सगळ्या वह्या पुन्हा तपासून काढत. त्यांचे वडील मनमाडला रेल्वेत रूळ सांभाळणारे गँगमन होते. त्यांचं एक वाक्य सर नेहमी सांगत. "आमचे दादा म्हणायचे, घाबरणारा गँगमन रिटायर होतो आणि न घाबरणारा भिंतीवरच्या फोटोत जातो." हे सांगून ते हसत नसत. त्यांना ते अगदी खरं वाटत असे. "भीती वाटली की थांबायचं, मॅडम. थांबायचं आणि नीट बघायचं. पळायचं नाही, आणि हातही उचलायचा नाही. रुळाला कान लावून बघायचं, गाडी खरंच येतेय का."

रुळाला कान लावायचं त्यांचं साधन म्हणजे शाळेचा फळा. रोज सकाळी प्रार्थनेनंतर ते फळ्यावर दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने करीत. पहिल्यावर लिहीत 'पाहिलं', दुसऱ्यावर 'ऐकलं', तिसऱ्यावर 'वाटलं'. मग मुलं पाड्यावरच्या बातम्या सांगत आणि कोणती बातमी कोणत्या रकान्यात जाणार यावर अर्धा तास भांडत. अभ्यासक्रमात असं काही नव्हतं. मला सुरुवातीला ते वेळ घालवणं वाटे.

एकदा यमुना सांगत आली, "सर, आमच्या गोठ्याशी बिबट्या आला होता."

"कोणी पाहिला?"

"काकानं."

"बिबट्या पाहिला की आणखी काही?"

"ठसा पाहिला. चिखलात."

"मग ठसा कुठे लिहू?"

"पाहिलंमध्ये."

"तू पाहिलास?"

"नाय. काकानं सांगितलं."

मग वर्गात गोंधळ झाला. शेवटी मुलांनीच ठरवलं की काकासाठी ठसा 'पाहिलं'मध्ये, यमुनासाठी 'ऐकलं'मध्ये आणि बिबट्या दोघांसाठीही 'वाटलं'मध्ये. मधल्या सुट्टीत सगळा वर्ग तो ठसा बघायला गेला. सर मात्र गोठ्यापासून बरंच लांब, कुंपणापाशी उभे राहिले, कारण बिबट्या 'वाटलं'मध्ये असला तरी काकाचा, म्हणजे हिरामणभाऊंचा, कुत्रा पक्का 'पाहिलं'मध्ये होता.

'वाटलं'मध्ये गेलेली बातमी पुसून टाकायची, असं मला आधी वाटायचं. सर तसं होऊ देत नसत. "वाटलं म्हणजे खोटं नव्हे, मॅडम. त्याचं घर निराळं, एवढंच." दर शनिवारी त्या तिसऱ्या रकान्यातलं एक वाक्य घेऊन मुलांनी गोष्ट रचायची असे. बिबट्याची गोष्ट यमुनानेच लिहिली. तिच्या गोष्टीत बिबट्या शाळेत नाव घालायला येतो, सर त्याच्याकडे जन्माचा दाखला मागतात आणि दाखला नाही म्हणून बिबट्या रडत जंगलात परत जातो. सर ती गोष्ट वाचून इतके खूश झाले की त्यांनी ती वहीतून उतरवून घेतली. पण वहीवर लाल पेनने शेरा एकच दिला, जो ते सगळ्यांना देत. 'गोष्ट सांग, पण गोष्ट आहे म्हणून सांग.'

एक दिवस केंद्रप्रमुख आले. सरांनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. साहेब वर्गात उभे राहून म्हणाले, "या शाळेत फार आवाज असतो." त्याबरोबर चौथीतल्या एकाने खडू उचलला आणि अगदी नम्रपणे विचारलं, "साहेब, हे कुठं लिहू? तुम्ही ऐकलंय का तुम्हाला वाटलंय?" सरांचा चेहरा पांढरा पडला. साहेब मात्र म्हणाले, "ऐकलंय, बाळ." ते गेल्यावर सर खुर्चीत बसून राहिले आणि मला म्हणाले, "मॅडम, या पोरांना प्रश्न विचारायला शिकवतो खरं, पण प्रत्येक वेळी मला वाटतं, याची शिक्षा कोणाला होणार?" तेव्हा मी हसले होते.

दिवाळीनंतर पाडा निम्मा रिकामा होई. भाताची कापणी आणि नागलीची झोडणी उरकली की तरणी माणसं दिंडोरीकडे द्राक्षबागांत कामाला जात. लहान मुलं म्हाताऱ्यांपाशी किंवा चुलत्यांपाशी राहत. यमुनाचे आईवडीलही जात. ती तिच्या काकाकडे, हिरामणभाऊंकडे असे. हिरामणभाऊ शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष होते. शाळेचं छप्पर गळलं तर स्वतः वर चढून कौलं सारखी करणारा तो माणूस. हे मी मुद्दाम सांगते आहे.

माझ्या तिसऱ्या वर्षी, द्राक्षांच्या ऐन हंगामात, मोबाईलवर तो व्हिडिओ फिरू लागला. मुलं पळवणारी टोळी आली आहे, बायका-पुरुष वेश पालटून फिरतात, मुलांना खाऊ देतात आणि पोत्यात घालून नेतात. व्हिडिओत एक मूल झोपलेलं दिसे आणि एक आवाज ओरडून काहीतरी सांगे. कोणता गाव, कोणतं मूल, काही कळत नसे. पण पाड्यावर ज्याच्या त्याच्या फोनवर तो होता. आईवडील लांब, मुलं म्हाताऱ्यांपाशी. भीती पसरायला वेळ लागला नाही. मलाही वाटू लागली. एसटीतून उतरून शाळेकडे चालत येताना मी मागे वळून बघू लागले.

मुलांनी ती बातमी फळ्याशी आणलीच. बराच वाद झाला आणि ती 'ऐकलं'मध्ये गेली. दुसऱ्या दिवशी हिरामणभाऊ शाळेत आले. फळ्याकडे बघून म्हणाले, "गुरुजी, व्हिडिओ आम्ही डोळ्यांनी पाह्यला. तुम्ही त्याला ऐकलंमध्ये घालता? उद्या पोर गेलं तर कोण देणार?"

सरांनी खडू उचलला. "व्हिडिओ तुम्ही पाहिला, हिरामणभाऊ. ते मी पहिल्या रकान्यात लिहितो. पण टोळी तुम्ही पाहिली का?"

"ती पाह्यली असती तर जिती सोडली असती का?" हिरामणभाऊ म्हणाले आणि निघून गेले.

ते गेल्यावर सरांनी पहिल्या रकान्यात लिहिलं, 'मोठ्यांनी व्हिडिओ पाहिला.' मग थोडा विचार करून त्याखाली आणखी एक ओळ लिहिली. 'मोठे घाबरले आहेत.'

त्यानंतर आठवडाभराने, शुक्रवारी, दुपारची खिचडी होऊन मुलं हात धूत होती. हातपंपाशी एक जोडपं आलं. बाईच्या डोक्यावर भांड्यांची पाटी, माणसाच्या खांद्यावर मोठी पिशवी. केसांवर भांडी देणारे ते. बायका विंचरताना गळालेले केस साठवून ठेवतात, ते घेऊन हे लोक वाटी, चमचा देतात. त्या बाईने पाणी प्यायला ओंजळ धरली, पंप पहिलीतल्या एका मुलाने हापसला, म्हणून तिने त्याला एक फुगा दिला. एवढंच. हे मी पाहिलं. मी पाच-सहा हातांवर उभी होते.

रस्त्यावरून मोटारसायकलवर एक तरुण जात होता. तो थांबला, त्याने फोनवर फोटो काढला आणि वस्तीकडे वळला. दहा मिनिटांत आरडाओरडा ऐकू आला. आधी एक-दोन जण, मग टेकडीच्या दोन्ही अंगांनी माणसं उतरताना दिसली. कोणाच्या हातात कोयता, कोणाच्या काठी. "पकडा! पोरं न्यायला आल्यात!" पहिला दगड त्या माणसाच्या कानाला लागला. भांड्यांची पाटी पडली. ती दोघं जिथे दार दिसलं तिकडे धावली. ते दार आमच्या वर्गाचं होतं.

सर दारात उभे होते. मी मुलांना ओढून आत घेत होते. ते जोडपं सरांच्या समोर येऊन थांबलं. माणसाच्या कानातून रक्त शर्टावर उतरत होतं. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मागून येणाऱ्या लोकांकडे पाहिलं आणि बाजूला झाले. ती दोघं आत आली. सर मला म्हणाले, "मॅडम, आतून कडी लावा. मी सांगेपर्यंत उघडू नका. पोलिसांना फोन करा." आणि टेबलावरची हजेरी उचलून ते स्वतः बाहेर गेले.

मी कडी लावली. आत एकवीस मुलं, ती दोन अनोळखी माणसं आणि मी. बाई टेबलाखाली शिरली होती. माणूस कोपऱ्यात उकिडवा बसला होता, पिशवी छातीशी धरून. माझी नजर त्या पिशवीवरून हलेना. काय असेल आत? फोनला नेटवर्क फक्त खिडकीच्या कोपऱ्यात मिळे. तिथे उभी राहून मी पोलिसांना कसाबसा पत्ता सांगितला. निघतो म्हणाले. पण पेठहून पोचायला पाऊण तास तरी लागणार होता.

यमुना तेव्हा पाचवीत जायची होती. ती टेबलाशी वाकली आणि तिने सरळ विचारलं, "तुम्ही पोरं पळवता का?"

बाई हुंदके देत म्हणाली, "नाय गं माय. माझीच तीन हाईत घरी."

यमुना उठून माझ्यापाशी आली आणि कानात म्हणाली, "मॅडम, हे ऐकलंमध्ये जाईल ना?" तिचे ओठ कोरडे पडले होते. मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही. मी खिडकीतून बघत होते.

बाहेर चाळीसेक माणसं असतील. सगळ्यांच्या पुढे हिरामणभाऊ होते. हातात दगड होता. पहिला दगडही त्यांनीच मारला होता, तोही मी पाहिला होता.

"गुरुजी, दार खोला. पोरं आमच्या हवाली करा. मग त्यांचं काय करायचं ते आम्ही बघू."

सर म्हणाले, "दार उघडलं की पोरं बाहेर येतील आणि तुम्ही आत जाल." त्यांचा आवाज इतका चिरका झाला होता की मला ओळखू येईना.

"आमची पोरं चोरांसंगं कोंडता?" मागून कोणीतरी ओरडलं. एक दगड दारावर आदळला. आत पहिलीतली मुलं रडू लागली आणि त्यांचं रडणं ऐकून बाहेरची माणसं आणखी पुढे सरकली. आता हे दार मोडणार, असं मला स्पष्ट दिसलं. मी मुलांना मागच्या भिंतीशी नेलं आणि पुन्हा खिडकीशी आले.

तेव्हा सरांनी हजेरी उघडली. "कोणाचं पोर गेलंय?" त्यांनी विचारलं. "नाव सांगा. नाही ना माहीत? मग मी घेतो हजेरी. आपापल्या पोराचा आवाज ऐका." आणि त्यांनी पहिलं नाव पुकारलं.

मग भिंतीशी चिकटलेल्या मुलांतून एक बारीक आवाज आला, "हजर, सर."

दुसरं नाव. "हजर, सर." तिसरं. रोजच्या सवयीने मुलं उत्तरं देऊ लागली. रडणारी मुलंसुद्धा नाव आलं की रडणं थांबवून हजर म्हणत आणि पुन्हा रडत. बाहेर एकेका नावासरशी कोणीतरी मान वळवी, कोणाचा तरी हात खाली येई. यमुनाचं नाव आलं तेव्हा ती मुद्दाम खूप मोठ्याने ओरडली. हिरामणभाऊंनी डोळे मिटलेले मी पाहिले.

मग सरांनी सोमनाथचं नाव घेतलं आणि आतून उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं. काही नाही. बाहेर पुन्हा गलका उठला, "गेला! सोमा गेला!" हजेरी सरांच्या हातातून पडतापडता राहिली. ते उभे राहिले तसेच, आणि तेव्हा मी पाहिलं की त्यांची पँट ओली झाली होती. फिकट रंगाची पँट होती. समोरच्या सगळ्यांना दिसत होतं. गर्दीच्या मागून एक म्हातारी ओरडली, "अरे, घरी हाय सोमा! ताप हाय त्याला! मी निजवून आले!" आणखी एक मुलगी गैरहजर होती, तिचा बाप गर्दीतच उभा होता. तो म्हणाला, "माझी माझ्या भावाकडं हाय."

त्या दिवशी हजेरी तीन वेळा झाली. गलका वाढू लागला की सर पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात करीत. ओल्या पँटमध्ये, पण एकही नाव न गाळता. तिसऱ्या वेळेपर्यंत काही माणसं शाळेसमोरच्या आंब्याखाली बसली होती. मग पोलिसांची जीप आली.

ते जोडपं खरोखरच केसांवर भांडी देणारं होतं. दरवर्षी याच दिवसांत त्या भागात फिरणारं. कागदपत्रं पाहून, दवाखान्यात कानाला टाके घालून घेऊन पोलिसांनी त्यांना गावी सोडलं. पिशवीत केस होते, नुसते केस.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सर येणार नाहीत अशी माझी खात्री होती. ते आले. नेहमीसारख्या दोन रेघा मारल्या. चौथीतला एक जण उभा राहिला, खाली बघत म्हणाला, "सर, काल तुम्ही..."

"बोल की."

"तुम्ही लय घाबरला होता."

"कुठल्या रकान्यात?"

मुलाने फळ्याकडे पाहिलं. सरांनी स्वतःच पहिल्या रकान्यात लिहिलं, 'सर घाबरले.' मग हात झटकून म्हणाले, "चला, पुढची बातमी."

गोष्ट इथे संपली असती तर मला ती सांगायला सोपी गेली असती. दोन आठवड्यांनी पंचायत समितीतून चौकशी आली. 'अनोळखी इसमांना विद्यार्थ्यांसह वर्गखोलीत का कोंडले' अशी सरांना कारणे दाखवा नोटीस होती. चौकशीला शाळेत आलेल्या साहेबांनी सरांसमोरच मला बोलावलं. विचारलं, "जमावात पुढे कोण होतं? दगड कोणी मारला?" माझी शिक्षणसेवकाची तीन वर्षं संपून नोकरीत कायम व्हायला चार महिने होते. रोज त्या पाड्यावर एकटीने चालत जायचं होतं. मी म्हणाले, "साहेब, मी आत होते. मला दिसलं नाही."

यमुना ओट्यावर खेळत होती. तिला कोणीच काही विचारलं नव्हतं. ती दारात आली आणि म्हणाली, "मॅडमच्या शेजारून मी बघत होते. मी पाहिलं. माझ्या काकानं मारला."

सर खुर्चीवरून असे उठले की खुर्ची पडली. "साहेब, पोरीचं नाव कागदावर घेऊ नका. हात जोडतो. मी पाहिलंय. माझं नाव घ्या." साहेबांनी त्यांचं नाव घेतलं. सरांनी खाली सही केली. सहीत त्यांच्या नावाची अक्षरं एकमेकांवर चढली होती.

दुसऱ्या दिवसापासून यमुना शाळेत आली नाही. सर रोज शाळा सुटल्यावर हिरामणभाऊंच्या घराकडे जात. कुत्रा भुंके, ते कुंपणाबाहेर उभे राहत, घरातून कोणी बाहेर येत नसे, मग परत फिरत. मला म्हणाले, "मी या पोरीला काय शिकवून ठेवलंय, मॅडम? जे दिसलं ते सांग म्हणून शिकवलं. कोणापुढे सांगायचं आणि कोणापुढे जिवाला जपायचं, ते शिकवायचं राहूनच गेलं." त्यांचे डोळे त्या दिवसांत खोल गेले होते. पोलिसांनी हिरामणभाऊंना दोनदा बोलावून नेलं, तेव्हा तर सर पाड्यावर रस्त्याच्या कडेकडेने चालू लागले.

बाराव्या की तेराव्या दिवशी हिरामणभाऊ स्वतः कुंपणाशी आले. हे मला सरांनीच सांगितलं. हिरामणभाऊंनी कुत्र्याला मागे हाकललं. मग म्हणाले, "गुरुजी, भाऊ-भावजय बागेत गेली तवा पोर माझ्या पदरात टाकून गेली. ते लोक शाळेशी दिसले, मला वाटलं, पोर गेली. मी लय भ्यालो."

सर म्हणाले, "मीही भ्यालो होतो, हिरामणभाऊ. मी दार लावलं, तुम्ही दगड उचलला."

"तुमची पँट..." हिरामणभाऊ म्हणाले. "तवा आम्ही हसलो असतो तुम्हाला. कोणी हसलं नाय." दुसऱ्या दिवशी यमुनाला त्यांनीच शाळेत आणून सोडलं. तिच्या डोळ्यांखाली झोप नसल्यासारखं काळं झालं होतं. तिने बरेच दिवस कुठल्याच रकान्यात काही सांगितलं नाही. सरांनी तिला आग्रह केला नाही.

जूनमध्ये सरांची बदली झाली, मनमाडच्या बाजूला. शिक्षा म्हणून की नेहमीची, हे कागदावर लिहिलेलं नव्हतं. पुढे ते तिथूनच निवृत्त झाले आणि गेल्या वर्षी, थंडीत, गेले. हृदय बंद पडलं, असं त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं. मी आता नाशिकजवळच्या एका मोठ्या शाळेत आहे, वर्गात चाळीस मुलं आहेत. तीन रकाने मीही काढते. पण सर आठवतात ते फळ्यापाशी नाही, तर पेठच्या एसटी स्टँडवर, बदलीच्या दिवशी.

मी त्यांना पोचवायला गेले होते. गाडीला वेळ होता. मला राहवेना. मी म्हणाले, "सर, मी त्या दिवशी साहेबांना खोटं सांगितलं. पहिला दगड मी पाहिला होता, आणि पुढचं सगळं मला खिडकीतून दिसत होतं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "मी बाहेरून मागे वळून पाहिलं होतं. खिडकीत तुमचा चेहरा दिसत होता."

मी रडू लागले. ते गोंधळले, इकडेतिकडे बघू लागले. मग बाकावर माझ्याशेजारी बसून हळू आवाजात म्हणाले, "तुमची भीती खरी होती. मी तुमच्यावर रागावू कसा? मी काय केलंय ते ऐका. कोणाला सांगितलेलं नाही. ती दोघं कोण आहेत, हे मला माहीत नव्हतं."

मला आधी कळलंच नाही. मी म्हणाले, "म्हणजे?"

"म्हणजे ते खरंच पळवणारे असते तर? त्या पिशवीत सुरा असता तर? मी पिशवी बघितली नव्हती. बघायला वेळ नव्हता. तुम्ही म्हणाल, मला खात्री होती. नव्हती, मॅडम. पोरं आत होती म्हणून लोकांनी दार मोडलं नाही, आग लावली नाही. मी पोरांची ढाल केली. एकवीस पोरांची आणि तुमची. नोटिशीत लिहिलं होतं ते बरोबरच होतं. हजेरी घेताना मी प्रत्येक नावाला थांबत होतो, ते लोकांना ऐकू जावं म्हणून नव्हे. मला भीती वाटत होती की आतून एखादं उत्तर येणारच नाही."

गाडी लागली. कंडक्टर मनमाड, मनमाड ओरडत होता. सर पिशवी घेऊन उभे राहिले. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "मग सर, त्यांना आत घेतलंत कशाला?"

पायरीवर पाय ठेवून ते वळले. त्यांचा चेहरा त्या दिवशी दारात होता तसाच, पांढरा झाला होता.

"बाहेर ठेवलं असतं," ते म्हणाले, "तर ते कोण होते हे आपल्याला कधीच कळलं नसतं."